सातपूरचे नऊ टक्के कुणी खाल्ले?

‘संतुलन’ हा शब्द हल्ली सातपूर-अंबडच्या परिसंवादांत चहाबरोबर बिस्किट यावं तसा हटकून येतो. विषय ‘डिजिटल परिवर्तन’ असला की पडद्यावर एक तराजू उमटतो. एका पारड्यात ‘कार्यक्षमता’, दुसऱ्यात ‘कामगार कल्याण’. दोन्हींचा तोल साधणं हेच आजच्या व्यवस्थापनापुढचं आव्हान आहे, असं वक्ते सांगतात आणि सभागृह माना डोलावतं. कल्याणाच्या पारड्यात काय घालायचं याची यादी तयार असते: योग दिन, समुपदेशनाची हेल्पलाइन, वाढदिवसाचा केक, वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखरेची तपासणी. दुसऱ्या पारड्यात काय ठेवलंय, हे मात्र कुणी उघडून दाखवत नाही. तिथं ‘कार्यक्षमता’ असं लिहिलेलं एक बंद पाकीट असतं. माझं भांडण त्या पाकिटाशी आहे.

मी १९९१ साली सातपूरच्या आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून बाहेर पडलो. आधी ऑपरेटर, मग सेटर, आणि गेली काही वर्षं एका वेंडर कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. कंपनीचं नाव देत नाही. त्या जागी शेजारच्या कुठल्याही कंपनीचं नाव घातलं तरी पुढच्या मजकुरात फारसा फरक पडणार नाही. सुपरवायझर हा प्राणी मधल्यामध्ये असतो. स्क्रीनवर लाल पट्टी उमटली की वरचे माझ्याकडे बघतात आणि मी ऑपरेटरकडे. दोन्ही नजरा माझ्या ओळखीच्या आहेत, म्हणून लिहायला बसलो.

ज्यांनी सातपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि सातपूर ही तिच्या सुरुवातीच्या काळातली वसाहत. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूनं मायको, महिंद्रा, सिएट असे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या सावलीत शेकडो गाळे उभे राहिले. मायकोचं नाव २००८ साली बॉश झालं, पण शहरातल्या चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. मोठे कारखाने मोठ्या वस्तू बनवतात. गाळे त्यांना बुश, पिन, शाफ्ट, ब्रॅकेट पुरवतात. अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनी इथून माणसं फर्स्ट, सेकंड आणि नाइटला येत-जात राहतात. ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मेळ्यात २०११ साली पुढे आला. आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, पण कोविडनंतर तो धावतच आला.

आला म्हणजे काय झालं? प्रत्येक सीएनसी मशिनच्या कंट्रोलरला एक छोटी डबी जोडली गेली. सायकल कधी सुरू झाली, कधी संपली, स्पिंडल किती वेळ फिरला, सगळं त्या डबीतून सर्व्हरवर जातं. शेडच्या भिंतीवर टीव्ही लागला. त्यावर मशीन नंबर, समोर ऑपरेटरचं नाव, आणि हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. स्पिंडल तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबला तर ऑपरेटरनं टॅबवर कारण निवडायचं. नाही निवडलं तर तो वेळ आपोआप ‘ऑपरेटर नाही’ या खात्यात जमा.

कारणांची यादी आठ ओळींची. टूल चेंज, सेटिंग, मटेरियल नाही, क्यूसीची प्रतीक्षा, ब्रेकडाउन, वीज नाही, मीटिंग, ऑपरेटर नाही. ही यादी कुणी केली, हे मी बरेच दिवस विचारत होतो. सॉफ्टवेअर बसवणारा मुलगा म्हणाला, ‘सर, डिफॉल्ट आहे.’ म्हणजे आमच्या शेडमध्ये मशीन कशानं थांबतं, हे आमची शेड न पाहिलेल्या कुणीतरी आधीच ठरवून टाकलं होतं. त्या यादीत ‘ड्रॉइंगची जुनी प्रत आली’ नाही. ‘इन्सर्ट हलक्या प्रतीच्या आहेत’ नाही. ‘हॉइस्ट दुसऱ्या बाजूला अडकलाय’ नाही. पाणी प्यायला गेलो, लघवीला गेलो, मे महिन्यात पत्र्याखाली चक्कर आली, यातलं काही नाही. हे सगळं ‘ऑपरेटर नाही’. एकदा आमच्या मॅनेजरांनी एका पोराला धरलं, ‘काय रे, वीस मिनिटं कुठं होतास?’ तो म्हणाला, ‘साहेब, तुम्हीच तर स्टोअरला पाठवलं होतं.’ मॅनेजर हसले, मीही हसलो. स्क्रीनवरची वीस मिनिटं मात्र त्याच्याच नावावर राहिली, कारण मागची नोंद बदलायचा अधिकार प्लांटमध्ये कुणालाच दिलेला नव्हता.

लोक म्हणतील, हे तपशील झाले, यादीत चार ओळी वाढवा म्हणजे झालं. चार ओळी वाढवाच. पण खरी चोरी यादीत नाही, ती गणितात आहे.

आमच्या अप्रेंटिसशिपच्या काळात औद्योगिक अभियांत्रिकी विभागाचा माणूस हातात स्टॉपवॉच आणि पाठीला पॅड घेऊन मशिनशेजारी उभा राहायचा. त्याला आम्ही घड्याळवाला म्हणायचो, आणि हे काही प्रेमानं ठेवलेलं नाव नव्हतं. तो आला की हात आपोआप जपून चालायचे. तोही ते ओळखून असायचा आणि मनातल्या मनात वेग धरायचा. हा खेळ दोघांना माहीत होता. पण त्या घड्याळवाल्याच्या शास्त्रात एक पायरी अशी होती, की ती गाळून त्याला पुढं जाताच येत नसे. मोजलेल्या वेळेत त्याला ‘सवलत’ मिळवावी लागे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं कार्य-अभ्यासावरचं पुस्तक या विषयाचं बायबल मानलं जातं. त्यातल्या तक्त्यानुसार शारीरिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के, स्त्रियांना ७ टक्के. मूळ थकव्यासाठी दोघांनाही ४ टक्के. उभ्यानं काम, वजन उचलणं, उष्णता, आवाज यांचे टक्के त्याच्यावर वेगळे. म्हणजे काहीही झालं तरी पुरुषाला नऊ आणि बाईला अकरा टक्के. ही दया नव्हती. माणसाला आठ तास एकाच वेगानं चालवता येत नाही, हे टेलरचा वारसा सांगणाऱ्या, कामगाराला घाम फोडणाऱ्या त्या शास्त्रानंसुद्धा सूत्रात लिहून ठेवलं होतं.

आता भिंतीवरचा टीव्ही काय मोजतो ते बघा. त्याचा आकडा म्हणजे ‘ओईई’. मशीन किती वेळ उपलब्ध होतं, किती वेगानं चाललं आणि किती माल चांगला निघाला, या तिघांचा गुणाकार. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी देखभालीच्या एका पद्धतीचा भाग म्हणून तो रूढ केला आणि ८५ टक्के हा त्याचा आदर्श जगभर पाठ झाला. आकडा गुणी आहे. मशीन कुठं वेळ खातं, सेटिंगला किती लागतो, बारीकसारीक थांबे किती, रिजेक्शन किती, हे तो उघडं पाडतो. तो मशिनचा ताप मोजणारा थर्मामीटर आहे. पण त्यातला ‘वेग’ काढताना भागायचं असतं ‘आदर्श सायकल टाइम’नं, आणि आदर्श म्हणजे त्या मशिनला शक्य असलेला कमीत कमी वेळ. मशिनच्या बाबतीत ते बरोबरच आहे. त्याला लघवीला जायचं नसतं.

हाच आकडा माणसाच्या नावापुढे लिहिला की नऊ टक्के गायब होतात. हिशेब सोपा आहे. जेवणाची सुट्टी वगळून शिफ्टचे साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. जॉब लावणं-काढणं धरून सायकल तीन मिनिटांची. घड्याळवाल्याच्या शास्त्रानं शिफ्टचे १३७ जॉब निघतात. स्क्रीनच्या शास्त्रानं १५०. मधले तेरा जॉब म्हणजे माणसाच्या शरीराची सदतीस मिनिटं, आणि बाई असेल तर पंचेचाळीसच्या घरात. आमच्याकडे तर ‘आदर्श’च्या रकान्यात आधीच्या महिन्यात कुणीतरी कधीतरी काढलेला सर्वांत कमी वेळ भरला गेला. एका तरण्याबांड पोरानं एका चांगल्या दिवशी मारलेली धाव पंचेचाळिशीच्या माणसाची रोजची चाल ठरली.

हे कुठल्या बैठकीत ठरलं? कुणी सही केली? कुणीच नाही. एक रकाना रिकामा होता, तो भरला गेला. म्हणून परिसंवादातल्या त्या तराजूवर माझा विश्वास नाही. कल्याण आधी कार्यक्षमतेच्या आतच होतं, सूत्राचा एक भाग म्हणून. ते तिथून काढून घेतलं, आणि आता केक आणि योग दिनाच्या रूपानं वेगळ्या पारड्यात ठेवून ‘बघा, तोल साधतोय’ असं आम्हालाच सांगितलं जातंय.

बरं, यातून कार्यक्षमता तरी वाढते का? आमच्याकडे नाना म्हणून सेटर होते. ते चालत्या मशिनशेजारून जाता जाता थबकायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, ‘भाऊ, इन्सर्ट फिरव, कोपरा गेलाय.’ कापण्याचा आवाज बदललेला त्यांना कळायचा. दोन मिनिटं मशीन थांबायचं आणि पुढचे पन्नास जॉब वाचायचे. आता ती दोन मिनिटं पिवळी दिसतात. ऑपरेटर म्हणतो, तुटेपर्यंत चालवू, ब्रेकडाउन मशिनच्या खात्यात जाईल, माझ्या नाही. आणि ते खरंच तसंच जातं. जॉब मोजणं, बर काढणं, चिप्स साफ करणं, पुढचा जॉब हाताशी आणून ठेवणं, ही सगळी कामं स्पिंडल थांबलेला असताना होतात, आणि स्पिंडल थांबला की माणूस रिकामा, असं स्क्रीनचं मत आहे. गंमत म्हणजे ज्या टोयोटाचे काइझेन, पोका-योके हे शब्द आमच्या प्रत्येक शेडच्या भिंतीवर रंगवलेत, तिथं गडबड दिसली की कामगारानं दोरी ओढून लाइन थांबवावी अशी पद्धत आहे. शब्द आणले, दोरी नाही आणली.

हजेरीचंही तसंच. कूलंटमध्ये आणि बर काढण्यात वर्षं घातलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत. अंगठ्याच्या मशिनला ते बोट ओळखू येत नाही आणि माणूस गेटवर उभा. काही ठिकाणी चेहऱ्याचं मशीन आलंय, ते बरं आहे.

आपल्या मराठी मुलखाला हा वाद नवीन नाही. ‘एफिशियन्सी’ या इंग्रजी शब्दावरून मुंबईत गिरण्या बंद पडल्या होत्या, आणि ‘इंडस्ट्री’ला तेव्हा कुठलाच आकडा जोडलेला नव्हता. १९२७-२८ च्या सुमारास ससून समूहाच्या गिरण्यांत ‘एफिशियन्सी सिस्टिम’ आली. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकरानं तीन माग सांभाळायचे, सूत कातणाऱ्यानं दुप्पट चात्यांवर नजर ठेवायची. मालक म्हणत, जपानशी टिकायचं तर इलाज नाही. कामगार म्हणत, माग वाढले तर माणसं कमी होणार आणि उरलेल्यांचा जीव जाणार. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असे सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर राहिले. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्याच संपात उभा राहिला. शेवटी फॉसेट समिती नेमली गेली. आज सातपूरमध्ये एका ऑपरेटरकडे दोनाची तीन मशिनं होतात तेव्हा त्याला ‘सेल लेआउट’ म्हणतात. जपानच्या जागी चाकण आणि साणंद आलेत, एवढाच फरक.

त्याच संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्य कामगारांना तिथं प्रवेश नाही, कारण कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना ते चालत नसे. म्हणजे यंत्राचा लढा लढताना, यंत्रापर्यंत पोचू कुणाला देता, हाही प्रश्न असतो. आज हा प्रश्न जातीच्या नावानं विचारला जात नाही, गेटपासच्या रंगानं विचारला जातो. नव्या सिस्टिमचं ट्रेनिंग पर्मनंटला. ठेकेदाराच्या पोराला नुसता टॅब. मग आकडा कुणाचा खाली येतो आणि पुढच्या महिन्यात कुणाचा पास नवा होत नाही, हे सांगायला नको. युनियनवाल्या मित्रांना हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे.

नाशिकला या विषयाची स्वतःची एक परंपरा आहे आणि तिची कदर खुद्द नाशिककरांनाच नाही. दर तीन-चार वर्षांनी स्थानिक वर्तमानपत्रांत बातमी येते: अमुक कंपनीत इतक्या हजारांच्या वेतनवाढीचा करार. फोटोत युनियनचे पदाधिकारी आणि व्यवस्थापन एका रांगेत, गळ्यात हार, हातात पेढ्यांचा बॉक्स. बातमीत येत नाही तो भाग म्हणजे कराराचं परिशिष्ट. उत्पादन किती वाढवून द्यायचं, कोणत्या मशिनवर किती जॉब, ते तिथं असतं. त्यासाठी रात्र-रात्र बैठका चालतात, तुटतात, पुन्हा बसतात. मी त्या परिशिष्टांची भाबडी तारीफ करत नाही. कित्येकदा युनियननं हजार रुपयांसाठी माणसांची कंबर गहाण टाकलेली मी पाहिली आहे. तरीही ते एक टेबल होतं. तिथं कार्यक्षमतेला भाव होता आणि तो दोन्ही बाजूंनी ठरत होता. इतके जॉब जादा, इतके रुपये जादा.

स्क्रीननं ते टेबल बाजूला सारलं. करारात १३७ लिहिलेत, ते तसेच राहतात. भिंतीवर १५० असतात. कुणी म्हणत नाही की १५० काढलेच पाहिजेत. फक्त तुमचं नाव रोज खालून तिसरं दिसतं, बायको शिफ्ट सुटल्यावर गेटपाशी आली तर काचेतून तिलाही दिसतं, आणि शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला त्याचा फोटो येतो. करार मोडला असं कुठल्याच न्यायालयात सिद्ध करता येणार नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘तुम्हा लोकांचा तंत्रज्ञानालाच विरोध.’ मी सीएनसीवर पोट भरलेला माणूस आहे, मला लेथच्या हँडलची ओढ नाही. दोन उदाहरणं देतो. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक मालकांची संघटना आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. कुठल्या शाखांत, कोणती यंत्रं, किती, चालवणाऱ्याला भत्ता किती, हे त्यात ठरलं. पुढं १९८७ आणि १९९३ मध्ये ते वाढवत नेलं. त्यामुळे बँकांचे संगणक उशिरा आले आणि तुम्ही-आम्ही पासबुक भरायला रांगेत उभे राहिलो, हेही खरं. पण यंत्र आलं ते बोलून आलं.

दुसरं उदाहरण ताजं आणि बायकांचं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. फोन हलके, गरम होणारे, अडकणारे. त्यात ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप इंग्रजीतून. त्यांनी डिजिटल नोंदींना नकार दिला नव्हता. चालणारा फोन द्या, मराठीतून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. प्रकल्प कार्यालयांच्या टेबलांवर मोबाईलचे ढीग लागले. डिजिटल परिवर्तनावर महाराष्ट्रात झालेला सर्वांत शहाणा संवाद मला तो वाटतो, आणि तो परिसंवादात झाला नाही.

आता कायद्याकडे बघू. सातपूर-अंबडमध्ये जर्मन कंपन्यांची वस्ती जुनी आहे, म्हणून जर्मनीपासून सुरुवात. तिथल्या १९७२ च्या कारखाना-संघटन कायद्याच्या कलम ८७ नुसार, कामगारांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकणारं कुठलंही तांत्रिक साधन बसवायचं असेल तर कामगारांच्या निवडून आलेल्या परिषदेची संमती लागते. संमती, नुसती सूचना नव्हे. ही परिषद आहे म्हणून जर्मनीतले कारखाने बुडाले, असं काही ऐकिवात नाही.

आपल्याकडे औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात एक ओळ होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टातही ती आहे: यंत्र किंवा तंत्रातली अशी सुधारणा, जिच्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे, तिची आगाऊ नोटीस द्यावी लागते. ओळ नीट वाचा. कपात होणार असेल तर नोटीस. माणूस तोच ठेवून त्याच्याकडून तेरा जॉब जादा काढायचे असतील तर या ओळीला त्याचं काही देणंघेणं नाही. ठेकेदाराच्या माणसाची तर ‘कपात’ होतच नाही, त्याचा पास फक्त नवा होत नाही. शंभर कामगार असतील तिथं कामगार-व्यवस्थापन समिती नेमता येते, पण तिला जर्मन परिषदेसारखा नकाराधिकार नाही, आणि गाळ्यांत शंभर काय, तीस माणसंही नसतात. विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला तेव्हा वाटलं, इथं तरी काही मिळेल. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला वेगळ्या संमतीची गरज नाही, असं म्हटलंय. माझ्या मुलीच्या फोनवरचं खेळाचं अ‍ॅप तिची परवानगी मागेल, आमच्या भिंतीवरचा टीव्ही मागणार नाही.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असं सांगितलं गेलं. दर अकरा महिन्यांनी ज्याचा पास नवा होतो त्याची लेखी संमती कशी मिळते, हे सातपूरमध्ये कुणालाही विचारा. माझा प्रश्न वेगळाच आहे. बारा तासांच्या शिफ्टला थकव्याचे किती टक्के? चार टक्क्यांचा तो तक्ता सकाळच्या ताज्या माणसाचा होता. अकराव्या तासाला स्क्रीन कोणता ‘आदर्श’ वापरणार? जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांच्या आठवड्याची इच्छा बोलून दाखवली तेव्हा देशभर विनोद फिरले, लेख आले. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक २०१८ सालीच लोकसभेत मांडलं होतं, त्याची पुन्हा आठवण निघाली. ही चर्चा लॅपटॉपवाल्यांची. चांगली आहे, चालू द्या. पण मशिनचं दार बंद होण्याची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला ड्युटीत पाच मिनिटं बाजूला होण्याचा हक्क हवाय. त्याच्यावर अजून एकही अग्रलेख माझ्या वाचनात नाही.

मालकांची बाजू मी टाळत नाही. गाळ्याचा मालक म्हणजे काही मिल मालक नव्हे. तो बहुतेकदा आमच्याच आयटीआयचा किंवा पॉलिटेक्निकचा, मशिनवर कर्ज असलेला, माणूस आला नाही तर स्वतः शिफ्ट मारणारा. वरची कंपनी त्याच्याकडून दरवर्षी किंमत कमी करून मागते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, आता विजेच्या गाड्या आल्या. डिझेलच्या सुट्या भागांवर जगलेल्या नाशिकच्या पोटात गोळा आहेच. ‘ओईई दाखवा नाहीतर ऑर्डर चाकणला जाईल’ ही धमकी पोकळ नाही. पण त्या मालकांना मी विचारतो, तुमच्या मशिनचा सायकल टाइम वरच्या कंपनीच्या पोर्टलवर रोज दिसायला लागल्यापासून दराच्या वाटाघाटीत तुमचं काय झालं? तीन मिनिटांचा जॉब दोन मिनिटं पन्नास सेकंदांत निघतो हे त्यांना तुमच्या आधी कळतं आणि पुढच्या वर्षीच्या दरातून ते दहा सेकंद कापले जातात. ऑपरेटरच्या शरीरातून काढलेले तेरा जॉब तुमच्या गल्ल्यातही राहत नाहीत. तुमचं नावही कुणाच्या तरी भिंतीवर खालून तिसरं लागलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं उगाच भव्य नाही. भिंतीवर मशिनचे नंबर ठेवा, माणसांची नावं काढा. थांबण्याची कारणं शेडमधल्या माणसांना बसवून लिहा आणि त्यांत ‘विश्रांती’ ही ओळ घाला, हिरव्या रंगात. ‘आदर्श सायकल टाइम’च्या रकान्यात नऊ आणि अकरा टक्के परत घाला, पत्र्याखालच्या मे महिन्याचे जे काही टक्के होतात तेही. लाल पट्टीवर हरकत नोंदवायची सोय आणि ती दुरुस्त करायचा अधिकार शेडमध्ये ठेवा. यातलं काहीही करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, आहे त्यातच दुपारभरात होईल.

आणि यंदा ज्यांच्या कंपनीत कराराचं वर्ष आहे त्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांना एक सांगतो. वेतनवाढीच्या आकड्यावर बसण्याआधी त्या सिस्टिमचं लॉगिन मागा. आदर्श वेळ कुणी, कोणत्या तारखेला, कितीवरून किती केला, याची नोंद बहुतेक सॉफ्टवेअर ठेवतंच. ती कागदावर छापून घ्या आणि मागच्या कराराच्या परिशिष्टाशेजारी ठेवा. ठेकेदाराच्या दोन पोरांनाही त्या बैठकीला आत घ्या, रोज टॅब तेच दाबतात. मग पेढ्यांचं बघू.